दुसरी कोण?

बालमित्रांनो, गेल्या हिवाळ्यात भिवापूरच्या एका शाळेनं मला प्रश्नमंजूषा घ्यायला बोलावलं होतं. भिवापूर ठाऊक आहे ना? नागपूर जिल्ह्यातलं, लाल मिरचीसाठी नावाजलेलं गाव. हंगामात तिथं गेलात तर आधी शिंका येतात आणि मग गाव दिसतं!

मी नेहमीच्या झोकात प्रश्न टाकला, "अंतराळात जाणारी जगातली पहिली स्त्री कोण?" झरझर हात वर झाले. "व्हॅलेंतिना तेरेश्कोवा!" शाबास. मी पुढच्या प्रश्नाकडे वळणार, एवढ्यात मागच्या रांगेतली आठवीतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, तुमी पयलीच काहून विचारता? दुसरी कोण होती?"

सगळी शाळा हसली. मी मात्र हसलो नाही, कारण मला उत्तर येत नव्हतं! "शोधून सांगतो," असं म्हणून मी वेळ मारून नेली. आज तोच शब्द पुरा करतोय. आणि खरं सांगू? शोधता शोधता कळलं की तिचा प्रश्न माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा चांगला होता.

गिरणीतून अंतराळात

व्हॅलेंतिनाचे वडील ट्रॅक्टर चालवायचे. ती लहान असतानाच ते युद्धात गेले. आई कापडगिरणीत कामाला. व्हॅलेंतिनाही आधी टायरच्या कारखान्यात आणि मग गिरणीत कामाला लागली. शिक्षण चाललं होतं ते काम सांभाळून. मात्र तिला एक भन्नाट छंद होता. सुट्टी मिळाली की ती विमानातून पॅराशूट बांधून उडी मारायची! याच छंदामुळे अंतराळवीरांच्या निवडीत तिचं नाव आलं. १६ जून १९६३ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, ती 'वोस्तोक-६' यानातून एकटी अंतराळात गेली. जवळजवळ तीन दिवसांत तिनं पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या मारल्या.

आता दुसरी. तीही रशियाचीच. तिचं नाव स्वेतलाना सावित्स्काया, आणि साल १९८२. वजाबाकी करा बरं! १९ वर्षं! म्हणजे व्हॅलेंतिना परतली त्या दिवशी जन्मलेली मुलगी शाळा संपवून कॉलेजात गेली, तेव्हा कुठे दुसरी स्त्री अंतराळात पोचली. व्हॅलेंतिनाबरोबर आणखी चौघींनी तयारी केली होती. त्यांची पाळी कधी आलीच नाही, आणि १९६९ मध्ये तो गटच मोडला. मधल्या काळात पुरुष मात्र एकामागून एक जातच होते.

पहिली गेली की वर्तमानपत्रात फोटो येतो, टपालाचं तिकीट निघतं. सगळ्यांना वाटतं, झालं, दार उघडलं! पण ते खरंच उघडं राहिलं की पाठोपाठ लागलं, हे कळतं दुसरीवरून. म्हणून मी दुसरीच्या शोधाला लागलो. चला माझ्याबरोबर.

दाराबाहेर बसलेली कमला

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी शास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलीला दारं बंदच असत. रशियाच्या सोफिया कोवालेव्स्कायाला गणिताचं वेड. पण तिथली विद्यापीठं मुलींना घेत नसत, आणि एकटीनं परदेशी जायची परवानगीही मिळत नसे. म्हणून १८६८ मध्ये तिनं एका तरुणाशी केवळ देशाबाहेर पडता यावं यासाठी नावापुरतं लग्न केलं! जर्मनीत बर्लिन विद्यापीठानंही वर्गात बसू दिलं नाही. मग वायरश्ट्रास नावाच्या थोर गणितज्ञानं तिला चार वर्षं खासगी शिकवलं. १८७४ मध्ये ती गणितात डॉक्टर झाली आणि पुढे स्वीडनमध्ये प्राध्यापक. तिच्याबरोबर राहून शिकलेली मैत्रीण युलिया लेर्मोंतोवा त्याच वर्षी रसायनशास्त्रात डॉक्टर झाली. इथं दुसरी पहिलीच्या बरोबरीनंच आली, बघा!

आता आपल्या कमलाकडे या. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन तिनं बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. तिचे वडील आणि काका तिथंच शिकलेले. मग अडचण कसली? अडचण एकच, ती मुलगी होती! संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी चक्क नकार दिला.

कमला रडत घरी गेली नाही. नकाराचं कारण द्या म्हणून तिनं सत्याग्रह मांडला. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिलं वर्षभर प्रवेश कच्चा, आणि तिच्यामुळे मुलांच्या कामात व्यत्यय यायला नको. हे ऐकून कमलाला किती टोचलं असेल! तिनं अटी मान्य केल्या आणि कामाला भिडली. वर्षभरानं रामन यांनी तिचा प्रवेश पक्का केला आणि संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. कमला पुढे केंब्रिजला गेली. तिथं बटाट्यावर काम करताना तिनं वनस्पतींच्या पेशींतल्या 'सायटोक्रोम सी' या द्रव्याचा शोध लावला. १९३९ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली. तिचा प्रबंध होता अवघा ४० पानांचा! (आमच्या वेळी निबंधही लांबवायला सांगत, असं म्हणू नका.) विज्ञानातली पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिची ओळख आहे.

आणि तिच्यामागून? १९४० मध्ये अण्णा मणी नावाची मुलगी खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर संशोधन करायला आली. पुढे त्या मोठ्या हवामानशास्त्रज्ञ झाल्या. कमलानं दार उघडून घेतलं आणि ते उघडंच राहिलं.

अध्यक्षांच्या खुर्चीवर

आता साहित्याच्या मांडवात जाऊ. मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात झाली १८७८ मध्ये. अध्यक्षाच्या खुर्चीवर पहिली स्त्री बसली ती कधी? १९६१ मध्ये, ग्वाल्हेरला. ८३ वर्षांनी! आणि त्या होत्या आपल्या विदर्भाच्या. कुसुमावती देशपांडे, जन्म अमरावतीचा, नागपूरला इंग्रजीच्या प्राध्यापक, कथालेखिका आणि समीक्षक.

दुसऱ्या कोण? १९७५ मध्ये कऱ्हाडला अध्यक्ष झाल्या दुर्गा भागवत. आणीबाणीचे दिवस होते. सरकारविरुद्ध ब्र काढायला मोठमोठे लोक घाबरत होते. दुर्गाबाईंनी लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू उघडपणे घेतली आणि पुढे तुरुंगवासही सोसला. आता एक गंमत सांगू? या दुर्गाबाई म्हणजे आपल्या कमलाची सख्खी थोरली बहीण! एकाच घरातल्या दोन मुली. एक प्रयोगशाळेच्या दाराशी अडून बसली, दुसरी मांडवात उभी राहून बोलली.

त्यांच्यानंतर शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. म्हणजे ९८ संमेलनांत स्त्रिया सहा. हे दार उघडं आहे की किलकिलं? तुम्हीच ठरवा.

चौथीनं पहिलीला हरवलं

आता नागपूरची एक ताजी गोष्ट. बुद्धिबळात 'ग्रँडमास्टर' हा सर्वांत मोठा किताब. भारतात तो मिळवणारी पहिली स्त्री कोनेरू हंपी, २००२ मध्ये. दुसरी द्रोणवल्ली हरिका, २०११ मध्ये. नऊ वर्षांचं अंतर! तिसरी आर. वैशाली, तिनं २०२३ च्या अखेरीस तो पल्ला गाठला. आणि चौथी? आपल्या नागपूरची दिव्या देशमुख!

जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातल्या बातुमी शहरात महिलांचा विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात समोरासमोर कोण होत्या, ओळखा पाहू! ३८ वर्षांची हंपी आणि १९ वर्षांची दिव्या. पहिली आणि चौथी. सुरुवातीचे दोन डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव खेळवले आणि दिव्या जिंकली. विश्वचषकाबरोबर ग्रँडमास्टर किताबही तिच्या पदरात पडला. हंपीनं वाट पाडली होती म्हणून तर दिव्याला त्याच वाटेवर तिला गाठता आलं, नाही का?

सामना जॉर्जियात झाला हेही छान जमलं. सोव्हिएत संघाच्या काळात याच जॉर्जियाची नोना गाप्रिंदाश्विली १९६२ मध्ये महिलांची जगज्जेती झाली, आणि १९७८ मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळवणारी जगातली पहिली स्त्री ठरली. दुसरीही जॉर्जियाचीच, माया चिबुर्दानिद्झे, १९८४ मध्ये.

आपल्याकडे ही वाट पाडली मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन खाडिलकर बहिणींनी. १९७६ मध्ये १३ वर्षांची रोहिणी थेट पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गहजब झाला! शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या अध्यक्षांनी निकाल दिला की स्त्रियांना अशा स्पर्धेत मज्जाव करता येणार नाही.

उमरेडची जाईबाई

भिवापूरहून नागपूरला निघालं की वाटेत उमरेड लागतं. तिथं १८९२ मध्ये एका महार कुटुंबात जाईबाईचा जन्म झाला. १८९६ च्या दुष्काळानं घरदार नागपूरला आलं. नऊ वर्षांची असताना तिचं लग्न झालं आणि ती जाईबाई चौधरी झाली. पोटासाठी ती हमाली करायची. नागपूर-कामठीच्या दरम्यान प्रवाशांचं ओझं डोक्यावरून वाहून न्यायची. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंना ही शिकलेली मुलगी ओझी वाहते हे पाहवलं नाही. त्यांनी तिला मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली. पगार महिना चार रुपये.

पण शिकवणारी बाई 'अस्पृश्य' आहे हे कळताच लोकांनी आपली मुलं शाळेतून काढली. जाईबाईची नोकरी गेली. दार उघडलं आणि तोंडावर आपटलंही.

तिनं काय केलं असेल? १९२२ मध्ये नागपुरात तिनं स्वतःच मुलींची शाळा काढली! नाव ठेवलं संत चोखामेळा कन्या शाळा. पुढे १९३७ मध्ये नागपूरला अखिल भारतीय महिला परिषद भरली. तिथंही जेवताना जाईबाईला आणि तिच्या मैत्रिणींना वेगळं बसवलं. शिकल्यासवरलेल्या बायकांनी, बरं का! त्या गप्प बसल्या नाहीत. निषेधाची सभा घेतली.

आता सांगा, जाईबाईच्या बाबतीत 'दुसरी कोण?' याचं उत्तर काय? तिच्या शाळेच्या हजेरीपटावरची प्रत्येक मुलगी! ही बाई दुसरीची वाट पाहत बसली नाही. तिनं दुसरी, तिसरी, शंभरावी स्वतः घडवली.

आणि भिवापूरची?

तर, मागच्या रांगेतल्या माझ्या मैत्रिणी, तुझं उत्तर हे असं लांबलं.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याशी बोलायला थांबली होती. तिची आई मिरचीच्या सातऱ्यावर जाते, दिवसभर मिरचीचे देठ खुडते. आईनं शाळा पाहिली नाही. थोरली आत्या चौथीत थांबली. "आठवीत आलेली मी आमच्या घरची पहिली हाव," ती म्हणाली. मी शाबासकी द्यायला हात उचलला, तर म्हणते कशी, "पण सर, तिसरीत माही बहीण आहे. तिले गणित येत नाही. मी रोज घेतो तिचं गणित."

मुलांनो, मला तेव्हा कळलं, तिनं तो प्रश्न का विचारला होता.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. या रविवारी आजीजवळ बसा आणि विचारा, आपल्या घरात दहावी झालेली पहिली मुलगी कोण? आणि दुसरी कोण? मध्ये किती वर्षं गेली? वहीत लिहून काढा. आणि आईबाबा, हा लेख तुम्हीही वाचत असाल तर ती वही जरूर बघा. दुसरीच्या नावाची जागा रिकामी असेल, तर ती कुणाच्या नावानं भरायची, हे तुम्हाला सांगायला नको.