गोळी सोडली, आता दिवस राहतील का?

पाळणा लांबवण्याची गोळी आता गावोगावी पोचली आहे. सरकारी दवाखान्यात ‘माला-एन’ नावाची गोळी फुकट मिळते. आशाताईही ती आणून देतात. गोळी कशी घ्यावी हे पुष्कळ बायकांना ठाऊक असते. पण गोळी सोडल्यावर काय होते, याविषयी मात्र दोन उलटसुलट समजुती आहेत.

एकजण म्हणते, “गोळ्या खाऊन खाऊन पोट जळतं. मग मूल होत नाही.” दुसरी म्हणते, “इतकी वर्षं गोळ्या घेतल्या. त्यांचा अंमल अंगात राहतो. आता चार-सहा महिने काळजी नाही.”

या दोन्ही समजुती खोट्या आहेत. पहिलीमुळे घरात सुनेला बोल लागतो. दुसरीमुळे नको असताना दिवस जातात. म्हणून यात खरे काय आहे ते आम्ही येथे सांगतो. यात लाजण्यासारखे काही नाही. घरातल्या पुरुषांनीही हा पाठ वाचावा.

गोळी काय करते?

बाईच्या ओटीपोटात गर्भाशय असते. त्याच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. साधारणपणे दर महिन्याला एक बीज पिकते आणि बीजकोशातून बाहेर पडते. ते नळीतून गर्भाशयाकडे निघते. वाटेत पुरुषाच्या बीजाशी त्याची गाठ पडली तर गर्भ राहतो. गाठ पडली नाही तर ते एका दिवसात मरून जाते. मग सुमारे 14 दिवसांनी पाळी येते.

गोळी हे बीज पिकू देत नाही. बीजच नाही, तर गर्भ कोठून राहणार? माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यांतल्या 21 गोळ्या हे काम करतात. उरलेल्या 7 लोहाच्या असतात. त्या रक्तवाढीसाठी आहेत.

गोळीचे औषध अंगात साठून राहत नाही. म्हणून तर ती रोज घ्यावी लागते. साठून राहिली असती तर महिन्यातून एकदा घेऊन भागले असते!

पाटाचे दार आपण सर्वांनी पाहिले आहे. दार पाडले की पाणी थांबते. दार उचलले की पाणी पुन्हा वाहू लागते. दार पाडून ठेवले म्हणून धरण आटत नाही. गोळीचेही तसेच आहे. गोळी वर्षभर घेतली काय किंवा पाच वर्षे घेतली काय, तिने गर्भाशय खराब होत नाही. अमेरिकेत 1960 साली अशा गोळीला पहिली परवानगी मिळाली. तेव्हापासून जगभर कोट्यवधी बायकांनी गोळी घेतली, सोडली आणि त्यांना मुले झाली.

बीज आधी, पाळी नंतर

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पुष्कळ बायकांना वाटते, की गोळी सोडल्यावर आधी पाळी येईल आणि मगच दिवस राहतील. हे बरोबर नाही. बीज आधी सुटते. पाळी त्यानंतर येते. त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिल्याच महिन्यात, एकही पाळी न येता, दिवस राहू शकतात.

समजा, एका बाईचा नवरा मुंबईला कामाला आहे. तो घरी नाही म्हणून तिने गोळी सोडली. गौरी-गणपतीला तो आठ दिवस घरी आला. ती मनात म्हणाली, “मागच्या गोळ्यांचा अंमल असेलच की.” पण अंमल कसला? तो केव्हाच संपला होता. तो आल्या दिवशी गोळी पुन्हा सुरू केली, तरी पहिले 7 दिवस तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. तेवढे दिवस निरोध वापरलाच पाहिजे.

ज्यांना मूल नको आहे, पण गोळी सोसत नाही, त्यांनी गोळी सोडण्याआधीच नर्सबाईंना विचारून दुसरा उपाय ठरवावा. तांबी बसवता येते. ती 5 वर्षांची आणि 10 वर्षांची अशी दोन प्रकारची मिळते. एक दिवसही मोकळा सोडू नये.

लगेच दिवस राहिले नाहीत तर?

मूल हवे म्हणून गोळी सोडली, दोन-तीन महिने झाले, आणि अजून काही नाही. मग सासूबाई म्हणतात, “तरी मी सांगत होते, गोळ्या घेऊ नकोस!” पण पी हळद आणि हो गोरी असे कधी होते का? ज्यांनी गोळी कधी पाहिलीही नाही, त्यांनासुद्धा पहिल्याच महिन्यात दिवस राहतात असे नाही. गोळी सोडलेल्या शंभर बायकांपैकी ऐंशीहून जास्त जणींना वर्षभरात दिवस राहतात.

काही जणींची पाळी मुळातच अनियमित असते. गोळी चालू असताना ती महिन्याच्या महिन्याला येते. गोळी सोडली की पूर्वीसारखी मागेपुढे होऊ लागते. मग गोळीवर ठपका येतो. वयाचेही तसेच आहे. पस्तिशीनंतर दिवस राहायला वेळ लागतो. तो वयाचा परिणाम आहे, गोळीचा नव्हे.

वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांकडे जावे. बाईचे वय 35 च्या पुढे असेल तर 6 महिन्यांतच जावे. तीन महिने पाळी आली नाही आणि दिवसही नसतील, तरी दाखवावे. जाताना नवरा-बायको दोघांनी जावे. पुष्कळदा दोष पुरुषाच्या बीजात असतो. त्याची तपासणी सोपी आहे. ती न करता सुनेला माहेरी धाडणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढणे होय.

सुईची गोष्ट निराळी

‘अंतरा’ नावाची सुई दर तीन महिन्यांनी घेतात. तिचा अंमल मात्र सावकाश उतरतो. शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला साधारण 7 ते 10 महिने लागतात. त्यानंतर दिवस राहतात. घाबरू नये. मात्र सुईची ही गोष्ट गोळीला लावू नये.

मूल हवे असेल तर

शक्यतो हातातले पाकीट संपवून थांबावे. म्हणजे पाळीचा हिशेब नीट राहतो. आधीच फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करावी. तिने बाळाच्या मेंदूतले आणि मणक्यातले व्यंग टळण्यास मदत होते. रक्त तपासून घ्यावे. मिश्री, तंबाखू सोडावी. नवऱ्यानेही तंबाखू, बिडी आणि दारू सोडावी. आधीचे मूल निदान दोन वर्षांचे होऊ द्यावे.

पाळी चुकली तर आठवडाभराने लघवीची तपासणी करावी. आशाताईंकडे त्याचे साधन मिळते. गोळी चालू असताना नकळत दिवस गेले, तरी भिण्याचे कारण नाही. माला-एनमुळे बाळाला व्यंग येते असे आढळलेले नाही. गोळी थांबवावी आणि नाव नोंदवावे.

लक्षात ठेवा

1. गोळीने मूल होण्याची शक्ती जात नाही.
2. गोळी थांबली की तिचा अंमल थांबतो.
3. पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात.
4. मूल नको असेल तर दुसरा उपाय आधी ठरवा.
5. मूल हवे असेल तर वर्षभर धीर धरा. मग दोघांची तपासणी करा.

आपल्या घरात किंवा शेजारी कुणाला वाचता येत नसेल, तर हा पाठ त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्याने एखाद्या सुनेचा बोल वाचेल.