काचेवरचा उशीर

जानेवारी 2024मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात सॅमसंगने मायक्रोएलईडीचा, म्हणजे अतिसूक्ष्म दिव्यांचा, पारदर्शक पडदा मांडला. उमटलं तर चित्र, नाहीतर नुसती काच. पारदर्शक असते ती काच, दिवे नव्हेत. ते फक्त इतके बारीक असतात आणि त्यांच्यामध्ये इतकी मोकळी जागा सोडलेली असते, की नजर त्यांना ओलांडून जाते. काळा रंग मात्र अशा पडद्याला जमत नाही. दिवा विझला की तिथे मागचं दृश्य दिसणार!

पण मला जास्त नवल वाटतं ते वेगाचं. साध्या टीव्हीवर सगळं चित्र एकत्रच उशिरा येतं, म्हणून उशीर कळत नाही. पारदर्शक पडद्यापलीकडचं जग मात्र कुणासाठी थांबत नाही. समजा, डोळ्यांपुढे बांधलेल्या काचेतून समोरच्या कपावर एक खूण दिसते आहे. मान सेकंदाला 100 अंशांच्या वेगाने वळली आणि खूण 20 मिलिसेकंद मागे राहिली, तर ती 2 अंशांनी चुकते. हातभर अंतरावरच्या कपावर ती आपल्या जागेपासून सुमारे 2 सेंटिमीटर सरकलेली दिसेल.

दोष दिव्यांचा नाही. एलईडी उजळायला लागणारा वेळ नॅनोसेकंदांत मोजतात. वेळ खातात ते बाकीचे: हालचाल टिपणारे सेन्सर, चित्र रचणारा संगणक, आणि पुढच्या फ्रेमची वाट. सेकंदाला 60 फ्रेम असल्या तर ही वाटच जवळजवळ 17 मिलिसेकंदांपर्यंत जाते.

सेन्सरचं काम तर दिव्यालाही करता येतं. उलटा विद्युतदाब दिला की एलईडीत थोडा विद्युतभार साठतो, आणि बाहेरचा प्रकाश पडेल तसा तो झरझर ओसरतो. ओसरायला लागलेला वेळ मोजला की समोर उजेड आहे की बोटाची सावली, हे समजतं. क्षणभर उजळायचं, क्षणभर पाहायचं! पॉल डिएट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003मध्ये ही युक्ती मांडली. पुढे 2012मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये याच डिएट्झनी 1 मिलिसेकंदात प्रतिसाद देणारा स्पर्शपडदा दाखवला. बोट सेकंदाला एक मीटर सरकत असेल, तर 100 मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे चित्र बोटामागे 10 सेंटिमीटर. 1 मिलिसेकंदाचा, तर जेमतेम 1 मिलिमीटर.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016मध्ये डोळ्यांपुढच्या पडद्यावरचा उशीर सरासरी 80 मायक्रोसेकंदांवर आणला. संगणक आपल्या संथ गतीने चित्र रचतो. पडद्याजवळचं हार्डवेअर अगदी शेवटच्या क्षणी, ताजी दिशा पाहून, ते सरकवतं. वरची 2 अंशांची चूक अशाने 0.008 अंशावर येते. त्यांनी वापरले होते सूक्ष्म आरसे, आणि दिशा मोजली होती यंत्रावर बसवलेल्या चौकटीची, माणसाच्या मानेची नव्हे. काचेतले दिवे तेवढा वेग आजही गाठू शकतील. मागून येणाऱ्या तारांनी आणि चिपांनी त्यांना तितक्या लवकर निरोप द्यायला हवा.