इंजिन का अडखळते?

मोटार उभी असताना इंजिन थरथरते आणि ॲक्सिलरेटर दाबताच क्षणभर अडखळते. गाडीला टर्बोचार्जर असला की पुष्कळदा त्या महाग यंत्रावरच आळ येतो. वास्तविक दोष एखाद्या तडकलेल्या रबरी नळीचा असू शकतो.

एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. पुष्कळ गाड्यांत आत येणारी हवा प्रथम मोजली जाते व त्या मानाने पेट्रोल सोडले जाते. ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूस, नळीला भेग पडली आहे असे समजा. इंजिन मंद चालत असता तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून न मोजलेली हवा भेगेतून आत शिरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडते. टर्बोचार्जरने दाब वाढविला की मोजलेली हवा त्याच भेगेतून निसटते. आता पेट्रोल जास्त होते व काळा धूर निघू लागतो. भेग एकच, परिणाम मात्र परस्परविरुद्ध!

अशा वेळी इंजिन बंद करून हवेच्या मार्गात अल्प दाबाने धूर सोडतात. तो जेथून बाहेर येतो तेथे भेग असते. मग नळी बदलली की काम भागते. टर्बोचार्जर खोलावाही लागत नाही.