चपला ठेवा, पिस्तूल नको

दक्षिणद्वाराच्या दिवसांत नृसिंहवाडीतल्या पेढेवाल्याचं निम्मं काम चपला सांभाळण्याचं असतं. कृष्णा चढते, पाणी उत्तरेच्या दारानं देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि त्या पाण्यात अंघोळ करायला गावोगावची माणसं मिळेल त्या गाडीनं येतात. पेढे-बासुंदी सांगून ठेवायची, चपला, पिशव्या, मोबाइल, घड्याळ सगळं दुकानात द्यायचं आणि पंचा गुंडाळून निघायचं. असाच एकजण आला. चपला दिल्या, पाकीट दिलं, आणि "मालक, एवढं बी ठेवा" म्हणत कमरेचं पिस्तूल कव्हरसकट काढून बासुंदीच्या डब्यांशेजारी ठेवलं. मालकांचा हात चपलांच्या पिशवीवर होता तिथंच थांबला.

मी बाकड्यावर बसलो होतो. म्हटलं, "अहो, हे इथं ठेवता येत नाही."

"लायसन्स हाय की साहेब. चोरीचं न्हवं."

"लायसन्स कुणाचं?"

"माझं."

"आणि मालकांचं?"

तो हसला. "मालकांचं कशाला लागतंय? मी हाय की." मग दुकानात पसरलेली शांतता ऐकून म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ द्या. डायवरकडं देतो."

"लायसन्स हाय की" हे वाक्य मी लग्नात ऐकलंय, उसाच्या फडावर ऐकलंय, पंचायतीच्या प्रचारात ऐकलंय. म्हणणारा दर वेळी असा निर्धास्त असतो, जणू परवान्याच्या पुस्तिकेनं पिस्तुलाला आधार कार्ड मिळालं आणि आता ते कुणाच्याही खिशातून कुठंही हिंडायला मोकळं झालं. खरी गोष्ट उलटी आहे. परवाना पिस्तुलाला नसतो, माणसाला असतो. अमुक माणसानं, अमुक नंबरचं हत्यार, अमुक कारणासाठी, अमुक अटींवर बाळगावं, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तो जिल्हाधिकारी देतात, पोलिसांचा अहवाल मागवून; पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी पोलिस आयुक्त देतात.

आता त्या दुकानातला हिशोब मांडू. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ३: परवान्याशिवाय कुणीही बंदूक किंवा पिस्तूल जवळ ठेवायचं नाही, न्यायचं नाही. सवलत अगदी चिंचोळी आहे. दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा मालकाच्याच वापरासाठी दुसऱ्या माणसानं ते नेलं तर चालतं, तेही परवानाधारक समोर असेल किंवा त्यानं लेखी अधिकार दिला असेल तर. परवानाधारक पंचा गुंडाळून दक्षिणद्वारात उभा आणि पिस्तूल पेढ्यांच्या शेजारी, हे यात कुठंच बसत नाही. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनं वाढली: आधी किमान १ आणि कमाल ३ वर्षं होती, आता किमान २ आणि कमाल ५ वर्षं, शिवाय दंड. विशेष कारणं नोंदवून न्यायाधीश ती कमी करू शकतात, पण तिथवर पोचेपर्यंत पेढेवाल्याचे किती पावसाळे कोर्टात जातील याचा विचार करा. ज्यानं हत्यार दिलं त्याच्यावरही अनधिकृत माणसाच्या हाती शस्त्र सोपवल्याचा गुन्हा लागतो. आणि "डायवरकडं देतो" यानं काही बदलत नाही. पेढेवाल्याच्या जागी ड्रायव्हर अडकतो, एवढाच फरक.

याच समजाचं धाकटं भावंड मला जास्त चीड आणतं. "लायसन्सचं आहे ना, मग लपवायचं कशाला? लपवतो तो चोर." म्हणून शर्ट मुद्दाम मुठीच्या मागे खोचायचा, जीपमधून उतरताना कंबर जरा पुढं काढायची. या मंडळींनी शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ एकदा कुणाकडून तरी वाचून घ्यावा. सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या पिशवीसारख्या साधनात असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि नेणाऱ्याच्या ताब्यात राहिलं पाहिजे. ते उपसून दाखवणं किंवा चौकात बार काढणं साफ मना आहे. त्यापायी परवाना जाऊ शकतो. म्हणजे अमेरिकेत ज्याला लपवून बाळगणं म्हणतात आणि ज्यासाठी तिथल्या काही राज्यांत वेगळा परवाना लागतो, ते आपल्याकडे सरळ बंधन आहे. इथं दाखवणारा चुकतो, झाकणारा नाही.

आणि झाकलं म्हणजे देवळात नेता येतं, असंही नाही. परवान्यासोबतच्या अटी बहुतेकांनी उघडूनही पाहिलेल्या नसतात. शाळा-कॉलेजच्या आवारात, जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय हत्यार न्यायचं नाही, ही अट जुनी आहे, १९६२ च्या नियमांतल्या परवान्यावरही ती छापलेली असे. आता वाडी डोळ्यांसमोर आणा. दत्तजयंतीची गर्दी ही जत्रा. पालखी ही धार्मिक मिरवणूक. दक्षिणद्वाराला घाटाच्या पायऱ्यांवर लोटलेली माणसं हा जमाव. वर्षातल्या ज्या दिवशी वाडीला यावंसं वाटतं, त्यातल्या बहुतेक दिवशी पिस्तूल घरच्या कपाटात असलेलं बरं. अट मोडली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा ऐकून लोक हसतात. परवाना रद्द झाल्यावर हसत नाहीत.

"मग परवाना घेऊन उपयोग काय?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. स्वसंरक्षण. इथंही सिनेमानं घोळ घातलाय. शिरोळ तालुक्यात नदीकाठी पाण्याच्या मोटारींच्या केबली चोरीला जातात, तांब्यासाठी. रात्री मोटारीवर जाणारा शेतकरी वैतागलेला असतो, आणि त्याच्या तोंडून "एकदा दिसू दे, घालतोच गोळी" निघतं. राग खरा आहे. पण केबलचोर पळत असताना त्याच्या पाठीत गोळी घातली तर कायदा तिला स्वसंरक्षण म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ आहेत. जुन्या दंड संहितेत ९६ ते १०६ होती, आशय तोच. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हक्क जातो तो जबरी चोरी, सूर्यास्तानंतर नि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा चोरीतच मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण होणं, अशा ठरावीक प्रसंगांत. साध्या चोरीत नाही. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं ओळीनं मांडलंय: भीती वाजवी हवी, ती उभी राहते तेव्हा हक्क सुरू होतो, ती संपते तेव्हा हक्कही संपतो, आणि बळ गरजेपुरतंच वापरायचं. माणसाच्या बाजूनंही त्यात आहे. जीव धोक्यात असलेल्यानं सोन्याच्या तराजूनं बळ मोजून वापरावं, अशी अपेक्षा न्यायालय धरत नाही. पण पळणाऱ्या पाठीला तराजूच लागत नाही.

हवेत बार काढून घाबरवण्याचा मधला मार्गही बंद आहे. निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ही तरतूद २०१९ मध्ये आली. 'आनंदाचा गोळीबार' म्हणजे काय हे समजावताना कायद्यानं लग्नसमारंभाबरोबर धार्मिक स्थळांचंही नाव घेतलंय. हवेत गेलेली गोळी विरघळत नाही. साध्या .२२ च्या काडतुसांच्या खोक्यावर मैलभर अंतरापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. वाडीच्या घाटावरून मैलभराच्या टप्प्यात नदीपलीकडचं कुरुंदवाडही येतं.

आता पिस्तुलाकडे. "लहान आहे, खिशात मावतं, चालवायला सोपं." आकार बघून सोपेपणा ठरवणं ही मोबाइलची सवय आहे. नेमबाजीत उलट असतं. नेम धरायचा तो पुढच्या नि मागच्या माशीची रेघ जुळवून. या दोन्हींत १० सेंटिमीटर अंतर असेल आणि हात १ मिलिमीटर चुकला, तर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. स्पर्धेच्या पिस्तुलात हे अंतर २२ सेंटिमीटरपर्यंत असतं. तीच चूक तिथं साडेचार सेंटिमीटरवर भागते. शिवाय हत्यार हलकं असेल तर त्याच काडतुसाचा झटका जास्त लागतो, आखूड मुठीवर सगळी बोटं बसत नाहीत आणि चाप जड असेल तर ओढतानाच नळी खाली जाते.

हे लक्षात न घेता जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आणलं. .३२ बोअरचं, टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, सव्वा लाखाच्या घरातलं, खास बायकांसाठी म्हणून. पर्समध्ये मावतं हे खरं. पण हल्ल्याच्या क्षणी पर्सची चेन उघडून, शोधून, धरून, नेम घेऊन चाप ओढायला वेळ कुठून आणायचा? सॉल्ट लेक सिटीचे पोलिस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मोजून दाखवलं होतं की चाकू घेऊन धावत येणारा माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. होल्स्टरमधून हत्यार काढायचा रोजचा सराव असलेल्या पोलिसाला ते धावपळीचं होतं. पर्सचं काय?

"राही सरनोबत मारते की!" हेही ऐकवलं जातं. मारते ना. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण, आशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला, आणि तेही बरोबरी झाल्यावर जादा फेरी खेळून. कोल्हापूरला अभिमान वाटावा असंच आहे. पण ती .२२ चं, तिच्या हाताच्या मापाची मूठ घडवलेलं पिस्तूल चालवते, समोरचा कागद तिच्यावर धावून येत नाही आणि त्यामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव आहे. आपल्या परवानाधारकांना विचारा, शेवटची गोळी कधी झाडली? बरेचजण दसऱ्याला पूजा करतात, एवढाच त्यांचा हत्याराशी संबंध. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ मधल्या प्रसंगांचा अभ्यास रँड या संस्थेनं २००८ मध्ये प्रसिद्ध केला. समोरून गोळ्या येत असताना त्या प्रशिक्षित पोलिसांच्या १०० पैकी सरासरी १८ गोळ्या लागल्या. उरलेल्या ८२ कुठं गेल्या, हा प्रश्न भर गर्दीत पिस्तुलाला 'संरक्षण' म्हणणाऱ्यानं स्वतःला विचारावा. ऊस तोडल्यावर मोकळ्या झालेल्या रानात जाऊन सराव करू, असंही कुणी सुचवतं. सराव अधिकृत रेंजवर करायचा. उसाचा बांध गोळी अडवायला बांधलेला नसतो.

बाकीचे समज भराभर उरकतो.

व्हिडिओत दिसतं ते नाइन एमएमचं छोटं पिस्तूल इथं घेता येतं का? नाही, लष्कर-पोलिसांचं काडतूस बसतं ते हत्यार निषिद्ध बोअरमध्ये जातं आणि त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत. सामान्यांच्या वाट्याला येतात ती .३२, .२२ अशी बोअर.

कितीही हत्यारं ठेवता येतात? २०१९ पर्यंत ३, आता २.

पिकाच्या राखणीसाठी पिस्तूल? गव्यांचा त्रास राधानगरी-आजऱ्याला आहे हे खरं, पण राखणीचा परवाना म्हणजे बंदूक, कमरेचं पिस्तूल नव्हे.

एअर पिस्तूललाही परवाना? ४.५ मिलिमीटर बोअरचं आणि २० ज्यूलपर्यंतचं असेल तर नको. म्हणून ते खेळणं ठरत नाही. डोळा जाऊ शकतो.

निवडणूक आली की सगळ्यांची हत्यारं जमा? प्रत्येकाची सरसकट नव्हे, छाननी समिती ठरवते. पण नोटीस आली तर "माझा राजकारणाशी संबंध नाही" हे तोंडी सांगून भागत नाही, जमा करून पावती घ्या.

वडील गेले, पिस्तूल मुलाचं झालं? मालकी वारशानं येते, परवाना नाही. पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि मुलानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. आणि हत्यार हरवलं तर? आमच्याकडे त्यात महापुराची भर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोक नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडले, कपाटं पाण्यात राहिली. त्यात हत्यार हरवलं असेल तर विनाविलंब पोलिसांना कळवणं ही परवान्याचीच अट आहे, आणि पूर ओसरून चिखल काढून झाल्यावर आठवणीनं सांगू, हा विलंबच.

त्या दिवशीचा तो माणूस शेवटी अंघोळ न करताच गेला. चपला मात्र दुकानात विसरला. मालकांनी त्या दोन दिवस सांभाळल्या.