सेंट्रिफ्यूज घेताय? भावाच्या आधी तोल बघा!



पॅथॉलॉजी लॅब काढायची ठरवलीत, की यंत्रांच्या यादीत सेंट्रिफ्यूज येणारच. आपण भाव विचारतो, आरपीएम विचारतो आणि मशीन घेऊन मोकळे होतो. पण ते चालवणार कोण, आणि कसं? खरा प्रश्न हाच आहे.

थोडं गणित करू. रोटरची त्रिज्या १० सेंटीमीटर आणि वेग ३००० आरपीएम असेल, तर ट्यूबवर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १००० पट जोर येतो. म्हणजे समोरासमोरच्या ट्यूबमध्ये एका ग्रॅमचा फरक राहिला, तरी एका बाजूला किलोभर वजन लटकावल्यासारखी ओढ बसते! मशीन थरथरतं, ट्यूब फुटू शकते.

म्हणून ट्यूब नेहमी जोडीने, अगदी समोरासमोर ठेवा. सॅम्पल एकच असेल तर समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची ट्यूब लावा. वजन डोळ्यांनी नाही, काट्यावर बघा.

रोटरलाही आयुष्य असतं बरं का. १६ डिसेंबर १९९८ ला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दुधाचे नमुने फिरवताना अल्ट्रासेंट्रिफ्यूजचा रोटर फुटला. मशीनचं संरक्षक कवचही सगळे तुकडे अडवू शकलं नाही. तुमच्या टेबलावरचं मशीन त्यापेक्षा खूप हळू फिरतं, पण धडा तोच आहे. रोटरवर गंज, चीर दिसली की तो बाजूला काढा. सेकंडहँड घेताना तर आधी झाकण उघडून हेच बघा.

आता रोजची शिस्त. मशीन सपाट, भक्कम टेबलावर ठेवा. चालू केल्यावर पूर्ण वेग येईपर्यंत तिथेच थांबा. वेगळा आवाज आला, की लगेच बंद करा. रोटर पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही आणि हाताने थांबवायचा तर अजिबात नाही. ट्यूब फुटली तर ३० मिनिटं झाकण बंदच राहू द्या, कारण रक्ताचे सूक्ष्म थेंब हवेत असतात. मग जाड हातमोजे घाला आणि काचा चिमट्यानेच उचला.

एक वही मशीनशेजारी ठेवा. तारीख, वेग, वेळ, कोणी चालवलं, काही बिघाड, एवढं लिहा. मशीन पुन्हा घेता येतं मित्रांनो, पण तुमच्या भरवशावर कामाला आलेल्या पोराचा डोळा नाही. त्यामुळे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी, पगाराचं बोलण्याआधी, हे शिकवा.