वाईटपणा कोण घेणार?

काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन लिलावात मी नाट्यसंगीताची एक जुनी तबकडी घेतली, ७८ आरपीएमची. वर्णनात ‘स्थिती उत्तम’ असं लिहिलेलं होतं आणि फोटोत लेबल स्वच्छ दिसत होतं. पार्सल उघडलं तर काठापासून आत केसाएवढी बारीक चीर. सुई तिथे आली की दर फेऱ्याला खट्. विक्रेत्याला कळवलं. त्याचं उत्तर फार अदबीचं होतं : टपालात झालं असेल, माफ करा, शेरा तेवढा चांगला द्या, आम्ही छोटी माणसं. मी ‘उत्तम व्यवहार, धन्यवाद’ असं लिहून मोकळा झालो. पैसेही मागितले नाहीत.

माझ्या त्या शब्दांवर विसंबून पुढे आणखी कुणी त्याच्याकडून तबकड्या घेतल्या असतील, हा विचार मला बरेच दिवस छळत राहिला. म्हणून या शेऱ्यांची जन्मकथा शोधायला बसलो. तेव्हा कळलं की मला वाटलेली भीड एकट्याची नव्हती. जगातल्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन लिलावाचं गाडं तिच्यात बारा वर्षं रुतलेलं होतं.

‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. जुन्या लिलावात माणूस आणि माल दोन्ही समोर असत. ‘एकवार, दोनवार’ होईपर्यंत वस्तू उलटीपालटी करून बघता येई, आणि बाजूला उभा राहून बोली चढवणारा मालकाचाच माणूस आहे की काय, याचाही अंदाज बांधता येई. सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे पिएर ओमिड्यार या तरुण प्रोग्रॅमरने हौसेखातर ‘ऑक्शनवेब’ सुरू केलं, तेव्हा ही दोन्ही साधनं गेली. हेच पुढे ईबे झालं. तिथे पहिल्यांदा विकला गेला तो एक मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. तो मोडका आहे हे कळलंय ना, असं ओमिड्यारने घेणाऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो. दोष आधी सांगून झालेला हा सौदा मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढचे सगळे तंटे दोष न सांगितल्याचे आहेत.

तक्रारी ओमिड्यारच्या स्वतःच्या ईमेलवर येऊन पडू लागल्या. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याने सर्वांसाठी एक पत्र लिहिलं. बहुतेक माणसं प्रामाणिक असतात, थोडी नसतात. तेव्हा चांगला अनुभव आला तर उघड सांगा, वाईट आला तर तोही उघड सांगा, असा त्याचा आशय. प्रत्येकाच्या नावापुढे शेऱ्यांची बेरीज दिसू लागली.

ही बेरीज का लागते, ते जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने पंचवीस वर्षं आधीच मांडलं होतं. जुन्या मोटारींच्या बाजारावरचा त्याचा १९७० चा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला आणि २००१ मध्ये त्याच विचारासाठी त्याला नोबेल मिळालं. गाडी चांगली की खटारा हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा धोका धरून मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगला विक्रेता बाजारातून उठतो. उरलेल्या मालाचा दर्जा घसरतो, भाव आणखी पडतो. या निबंधापूर्वी अ‍ॅकरलॉफ वर्षभर दिल्लीत राहिला होता, आणि निबंधात आपल्या बाजारातला तांदूळही आहे : मुद्दाम मिसळलेले, दाण्याच्याच रंगाचे खडे बायकांना निवडत बसावं लागतं. सुपात तांदूळ निवडणाऱ्या आईला जे रोज कळत होतं, ते अर्थशास्त्रात यायला १९७० साल उजाडावं लागलं. पडद्यावरच्या मालाला मात्र सूप लावता येत नाही.

शेऱ्यांना किंमत होती, हे खरं. संशोधकांनी एका मुरलेल्या विक्रेत्याकडून जुनी पोस्टकार्डं विकून घेतली. काही त्याच्या नावाने, तशाच जोडीची काही नव्या, अनोळखी नावांनी. जुन्या नावाला सुमारे ८ टक्के भाव जास्त मिळाला. पण मिशिगनचे पॉल रेझनिक आणि हार्वर्डचे रिचर्ड झेकहाउझर यांनी १९९९ मधले व्यवहार तपासले तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक खरेदीदारांनी शेरे दिलेले होते, आणि त्यांतले ९९ टक्के चांगले. उघड तक्रार शंभरात एकसुद्धा नाही.

इतका निर्मळ बाजार कुठे असतो?

मे २००० मधली गोष्ट बघा. सॅक्रामेंटोच्या केनेथ वॉल्टन या वकिलाने एक मोठं अमूर्त चित्र लिलावात ठेवलं. सुरुवातीची बोली पाव डॉलर. वर्णन भाबड्या गृहस्थाचं : बर्कलीत कुणाच्या तरी अंगणातल्या विक्रीतून घेतलं होतं, बायको घरात लावू देत नाही, पोराच्या खेळण्यातल्या गाडीने भोक पडलंय. फोटोच्या कोपऱ्यात मात्र ‘आर. डी. ५२’ अशी अक्षरं. रिचर्ड डिबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराचं हरवलेलं चित्र आपल्याच नजरेला पडलं, असं जाणकारांना वाटावं, याची ती सोय होती. बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली. वॉल्टनला ना बायको होती ना पोर. ती अक्षरं त्यानेच रंगवली होती, हे त्याने पुढे कबूल केलं. त्याने दुसऱ्या नावाने स्वतःच्याच चित्रावर बोली लावल्याचं दिसताच ईबेने सौदा रद्द केला. तपासात कळलं की तो आणि त्याचे दोन साथीदार चाळीसच्या वर खोटी नावं घेऊन शेकडो लिलावांत एकमेकांच्या बोली फुगवत होते, एकमेकांना शाबासकीचे शेरे देत होते. २००१ मध्ये त्याने गुन्हा मान्य केला, वकिलीही गेली.

अमेरिकेत इंटरनेटवरच्या गुन्ह्यांच्या तक्रारी घेणारं जे सरकारी केंद्र होतं, त्याने २००४ मध्ये पुढे पाठवलेल्या तक्रारींपैकी सुमारे ७१ टक्के लिलावातल्या फसवणुकीच्या होत्या. त्याच काळात शेरे ९९ टक्के चांगले!

माझ्या मते वॉल्टनसारखे लोक हे या विसंगतीचं छोटं कारण आहे. मोठं कारण गप्प बसलेली साधी माणसं. तेव्हा विक्रेताही खरेदीदाराला शेरा देऊ शकत असे. पुष्कळ विक्रेते आधी खरेदीदाराचा शेरा येऊ देत. तो वाईट आला की तसाच वाईट शेरा उलटून मारत. पंचवीस डॉलरच्या फुटक्या कपासाठी स्वतःच्या नावाला डाग कोण लावून घेईल? ‘वाईटपणा कोण घेणार’ हे आपल्या घरांतलं, सोसायट्यांतलं, कचेऱ्यांतलं वाक्य तिकडे इंग्रजीत जगलं जात होतं.

मे २००८ पासून ईबेने विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा हक्क काढून घेतला. ही घोषणा झाली तेव्हाच विक्रेते खवळले, अनेकांनी फेब्रुवारीत आठवडाभर माल मांडला नाही. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. बोली जिंकून पैसे न देणारे, चांगली वस्तू ठेवून घेऊन मोडकी परत पाठवणारे, कार्डाचे पैसे बँकेकडून उलटे फिरवणारे खरेदीदार तेव्हाही होते, आजही आहेत. घरातून चार वस्तू विकणाऱ्या बाईला असा एक खरेदीदार महिन्याच्या कमाईला पुरतो. तिच्या हातात आता काय उरलं?

तरीही त्या बदलानंतर जे दिसलं ते वाचून मी थबकलो. क्लाइन, लॅम्बर्ट्झ आणि श्टाल या तीन अर्थतज्ज्ञांनी आधीची आणि नंतरची आकडेवारी ताडून पाहिली. खरेदीदारांचं समाधान वाढलं होतं. लबाड विक्रेते पळून गेले असतील, असा तर्क कुणीही करील. पण दुकान बंद करणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. म्हणजे त्याच विक्रेत्यांनी वर्णन खरं लिहायला, वस्तू नीट बांधायला सुरुवात केली होती. समोरचा बोलू शकतो, एवढं त्यांना पुरलं.

पुढे ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थतज्ज्ञांनी ईबेच्या नोंदींतून मौनच मोजलं. चांगल्या शेऱ्यांना एकूण शेऱ्यांनी नव्हे, एकूण व्यवहारांनी भागायचं. ज्याच्याकडून माल घेऊन लोक काहीच लिहीत नाहीत, त्याच्याकडे काहीतरी बिनसलेलं असतं. असे खरेदीदार भांडत नाहीत. ते त्या साइटकडेच फिरकेनासे होतात, आणि शेजारच्या प्रामाणिक विक्रेत्याचंही गिऱ्हाईक जातं. अ‍ॅकरलॉफची ती उतरंड इथे गुपचूप चालू राहते.

दुसरा उपाय पैसा तिसऱ्या हातात ठेवण्याचा. चीनमध्ये ताओबाओ या ऑनलाइन बाजाराच्या अलीपे या सेवेने २००४ पासून तो केला. वस्तू मिळाल्याचं गिऱ्हाइकाने सांगितल्यावरच विक्रेत्याला पैसे. आपल्याकडे मुंबईची बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट २००४ मध्ये ईबेने घेतली आणि पुढे ‘पैसापे’ आलं, त्यातही माल पोहोचेपर्यंत रक्कम मध्ये थांबायची. ईबेचं ते भारतीय दुकान २०१८ मध्ये बंद झालं. ठगांनी हाही मार्ग सोडला नाही : खोटी मध्यस्थ वेबसाइट उभारायची, ‘पैसे जमा झाले, माल पाठवा’ असं विक्रेत्याला कळवायचं. यात लुटला गेला तो विक्रेता.

मागच्या महिन्यात लिलावातच एक जुना कंदील घेतला. काच तडकलेली आली. कळवल्यावर विक्रेत्याने हुज्जत न घालता पैसे परत केले, आणि शेऱ्याची चौकट माझ्यापुढे उघडी राहिली. दोन दिवस ती रिकामीच होती. तिसऱ्या दिवशी लिहिलं : ‘काच तडकलेली होती, वर्णनात तसं लिहिलेलं नव्हतं. सांगितल्यावर पैसे लगेच परत मिळाले.’