आधी विचारून तर पाहा!

माजिवड्यातल्या आम्हा बायकांचं जुन्या ठाण्याशी नातं तसं बाजारापुरतंच. रिक्षा पकडायची, जांभळी नाक्याला उतरायचं, भाजी, गजरे, पूजेचं सामान घ्यायचं आणि उन्हं चढायच्या आत घरी. वाटेत देऊळ, चर्च, मशीद सगळंच लागतं. आपण आपल्या देवाला हात जोडतो आणि बाकीच्या इमारतींवरून नजर फिरवून पुढे जातो. गेल्या हिवाळ्यात आमच्या महिला मंडळात सहलीचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, यंदा बस नको, पायीच जुनं ठाणं पाहू या. त्यावर पहिला प्रश्न आला, "पण आपल्याला आत येऊ देतील का हो?"

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही, मैत्रिणींनो. कुणी विचारायलाच जात नाही, म्हणून शेजाऱ्यांबद्दल ऐकीव गोष्टी पसरतात. मग ठरवलं, आधी प्रत्येक ठिकाणी जाऊन विचारायचं आणि जिथे नाही म्हणतील तिथे दारातूनच नमस्कार करायचा.

सुरुवात कौपिनेश्वरापासून केली. ठाणं म्हणजे शिलाहार राजांचं श्रीस्थानक. पुढे पोर्तुगीजांच्या अमलात इथल्या देवळांची फार पडझड झाली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं जिंकलं आणि १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी हे देऊळ नव्याने उभं केलं. १८७९ मध्ये लोकवर्गणीतून पुन्हा दुरुस्ती झाली. एवढी मोठी पिंड पाहून आमच्यातल्या दोघीतिघी थक्कच झाल्या. वर्षानुवर्षं बाहेरूनच हात जोडून जात होत्या!

पलीकडे मासुंदा तलावाच्या काठी सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. हेही पोर्तुगीज काळातलं, फ्रान्सिस्कन साधूंनी सुरू केलेलं. पण ठाण्यात ख्रिस्ती साधू त्याच्याही आधी येऊन गेले होते. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधूंना इथेच धार्मिक वादातून ठार मारण्यात आलं. ओडोरिक नावाच्या प्रवाशाने त्यांच्या अस्थी पुढे थेट चीनपर्यंत नेल्या. म्हणजे आज आपण ज्या शेजाराचं कौतुक करतो, तो काही आयता मिळालेला नाही. देवळं पडली, माणसं मारली गेली, आणि त्यानंतर कधीतरी लोक एकाच तलावाकाठी राहायला शिकले.

बाजारातल्या जामा मशिदीपाशी आम्ही बाहेरच थांबलो. नमाजाची वेळ होती, ती मोडायची नाही असं आधीच ठरलं होतं. तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललं की टेंभी नाका. नवरात्रातल्या देवीमुळे हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण इथेच मुनिसुव्रतस्वामींचं जैन मंदिरही आहे. श्रीपाल राजा आणि मयणासुंदरीची कथा ठाण्याशी जोडलेली आहे. "माझं बरंवाईट माझ्या कर्माने ठरेल, तुमच्या मर्जीने नाही," असं बापाला तोंडावर सांगणारी ही मुलगी. रागावलेल्या बापाने तिचं लग्न कुष्ठरोग्याशी लावलं, पण ती डगमगली नाही. ही गोष्ट ऐकताना आमच्या बायका अगदी गप्प झाल्या होत्या.

जवळच पारशांची अग्यारी. पारशांखेरीज इतरांना आत प्रवेश नाही. एकीला ते लागलं. मी म्हटलं, "अगं, आपल्या देवघरात पारोशाने जायचं नाही असं आपणही म्हणतोच ना? त्यांचाही नियमच आहे. त्यात आपला अपमान नाही." फाटकातून नमस्कार करून निघालो.

शेवटी सिनेगॉग, 'शार हाशामायीम', म्हणजे स्वर्गाचं दार. बांधलं १८७९ मध्ये, ज्या साली कौपिनेश्वराची दुरुस्ती झाली त्याच साली! इथे पूर्वपरवानगी काढली होती. हे बेने इस्रायली लोक मूळचे आपल्या कोकणातले. पेणकर, नागावकर ही आडनावं गावांवरून पडलेली. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात मराठी, लग्नाआधी मेंदी, गळ्यात मंगळसूत्र. शुभकार्याला गोड पोहे, खोबरं आणि फळं घालून मलिदा करतात, हे ऐकल्यावर तर आमच्या बायकांची कृतीवरच चर्चा सुरू झाली. १९४८ नंतर यांच्यातले कितीतरी जण इस्रायलला गेले, पण ठाण्यात त्यांची वस्ती आजही आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

एका सकाळीत एवढं पाहून झालं. काही ठिकाणी आत गेलो, काही ठिकाणी बाहेर थांबलो, पण हाकलून कुणीच दिलं नाही. परत येताना एकजण म्हणाली, "आता मुलं काहीबाही ऐकून आली की त्यांना सांगायला माझ्याकडे काहीतरी आहे." मला वाटतं, सहलीचे पैसे तिथेच वसूल झाले. शाळेतून, टीव्हीवरून, मोबाइलवरून मुलांच्या कानांवर काय काय पडतं, ते आपल्याला थांबवता येत नाही. पण हात धरून दाखवायला तर नेता येतं.

तुमच्या गावात ठाण्याएवढं नसेल, पण काहीच नाही असं होणार नाही. पनवेलला सिनेगॉग आहे, मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, नांदेडला गुरुद्वारा आहे. पाच-सहाजणी मिळून जा. प्रार्थनेची वेळ आधी विचारून घ्या, शनिवारी सिनेगॉगला जाऊ नका, डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा पदर असू द्या, फोटोसाठी परवानगी घ्या. पायांत सहज काढता येतील अशा चपला घाला. आणि मुलांना न विसरता सोबत न्या.